अमेरिका आणि चीन: नागपुरातून वारंवार येणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था शिकवताना सगळ्यांत जास्त शंका अमेरिका-चीन तुलनेवर येतात. अभ्यासिकेतली मुलं तर विचारतातच, पण त्यांचे सोयाबीन पिकवणारे वडील, मुलीला परदेशी पाठवायच्या विचारात असलेली आई आणि इतवारीतले व्यापारीही विचारतात. ते प्रश्न इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. वेगळं वर्ष दिलेलं नसेल तिथे आकडे साधारण २०२४चे समजावेत.

१. सर, एका वाक्यात सांगा. मोठं कोण, अमेरिका की चीन?

एका वाक्यात सांगितलं तर उत्तर चुकतं, म्हणून तीन वाक्यांत सांगतो. डॉलरमध्ये मोजलं तर अमेरिका मोठी आहे: तिचं सकल उत्पादन सुमारे २९ लाख कोटी डॉलर, चीनचं १९ लाख कोटींच्या आसपास. स्थानिक किमती धरून मोजलं तर चीन गेल्या दशकाच्या मध्यातच पुढे गेला. आणि दरडोई पाहिलं तर चीन खूप मागे आहे, कारण अमेरिकेत ते ८५ हजार डॉलरच्या आसपास आहे आणि चीनमध्ये जेमतेम १३ हजार. लोकसंख्या अमेरिकेची ३४ कोटी, चीनची १४० कोटी.

स्थानिक किमतींचा मुद्दा बऱ्याच जणांना अडतो. नागपुरात तर्री पोह्यांची प्लेट तीस रुपयांना मिळते. तीच प्लेट न्यू जर्सीत सहा-सात डॉलरला पडेल. पोट दोन्हीकडे तेवढंच भरतं, पण डॉलरच्या हिशेबात आपली प्लेट नगण्य ठरते. हा फरक काढून टाकण्यासाठी क्रयशक्तीनुसार मोजतात. देशातल्या देशात लोक किती वापरतात, किती बांधतात हे पाहायला हे माप चांगलं. तेल, विमानं, चिप्स मात्र जागतिक बाजारात डॉलर मोजूनच घ्यावी लागतात; तिथे पहिलंच माप खरं.

२. चीन साम्यवादी आहे, मग तिथे इतके अब्जाधीश कसे?

सत्ता कम्युनिस्ट पक्षाची आहे, पण बाजार १९७८ नंतर टप्प्याटप्प्याने खुला झाला. सुरुवात एका खेड्यातून झाली, आणि आपल्या भागातल्या मुलांना ती गोष्ट लगेच समजते. आनहुई प्रांतातलं शियाओगांग हे गाव सामूहिक शेतीत उपाशी मरायला आलं होतं. १९७८च्या अखेरीस तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप एक कागद केला: जमीन कुटुंबागणिक वाटून घ्यायची, सरकारचा वाटा देऊन उरलेलं ज्याचं त्याने ठेवायचं, आणि कुणाला अटक झालीच तर त्याची लेकरं बाकीच्यांनी सांभाळायची. खाली सह्या आणि अंगठे. पुढच्या वर्षी धान्य इतकं पिकलं की वरच्या नेत्यांनी त्याकडे काणाडोळा केला, आणि पुढे सर्वोच्च नेते झालेल्या डंग शियाओपिंग यांच्या काळात तीच पद्धत देशभर गेली.

आज कारखाने, दुकानं, ॲप्स बहुतांशी खासगी आहेत. मोठ्या बँका, रेल्वे, वीज, तेल आणि जमीन सरकारच्या हातात. अब्जाधीश व्हायला आडकाठी नाही. पक्षाच्या वरचढ व्हायला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये उद्योगपती जॅक मा यांच्या अँट या वित्तसेवा कंपनीची प्रचंड समभाग विक्री नोंदणीला दोन दिवस उरले असताना थांबवली गेली. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी भाषणात बँकिंग नियामकांवर टीका केली होती.

३. आणि अमेरिकेत सगळंच खासगी असतं ना?

नाही. दोन्ही देशांचे नमुने नागपुरातच पाहता येतात. आपल्या मेट्रोचे डबे चीनच्या दालियान शहरातल्या कारखान्यातून आले. ते बनवणारी सीआरआरसी ही सरळसरळ सरकारी कंपनी. मिहानमधलं विमान दुरुस्ती केंद्र बोइंगने एअर इंडियासाठी उभारलं. बोइंगचे मालक भागधारक, पण तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा अमेरिकी सरकारच्या संरक्षण कंत्राटांतून येतो. कागदावर एक सरकारी आणि एक खासगी. व्यवहारात सरकारचा हात दोन्हींच्या पाठीवर.

२००८-०९च्या मंदीत जनरल मोटर्स बुडू नये म्हणून अमेरिकी सरकारने तिच्यात पैसा घातला. २०२२च्या कायद्याने चिप कारखान्यांना अब्जावधी डॉलरचं अनुदान दिलं आणि २०२५ मध्ये सरकारने इंटेल या चिप कंपनीत सुमारे १० टक्के हिस्साच घेतला. म्हणून परीक्षेत ‘अमेरिका भांडवलशाही, चीन साम्यवादी’ एवढंच लिहून थांबू नका. सरकार पैसा घालतं का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच सुटतो. सरकारला कोर्टात खेचता येतं का, हा प्रश्न मात्र वेगळा सुटतो.

४. चीनमध्ये शेतकऱ्याच्या नावावर सात-बारा असतो का?

आपल्या अर्थाने नाही. घटनेनुसार शहरातली जमीन राज्याची आणि खेड्यातली गावाच्या सामूहिक संस्थेची. शेतकऱ्याला कसण्याचा हक्क मिळतो. तो त्याच्या नावावर नोंदवला जातो, भाड्याने देता येतो, पण जमीन विकता येत नाही. शहरात फ्लॅट घेणाऱ्याला खालच्या जमिनीचा वापर सत्तर वर्षांसाठी मिळतो. नागपूर सुधार प्रन्यासाच्या लीजवरच्या प्लॉटवर ज्यांनी घर बांधलं, त्यांना हे चटकन कळतं.

याचे दोन परिणाम झाले. रस्ता किंवा रेल्वे टाकायची तर भूसंपादनात फारसा अडथळा येत नाही. आणि स्थानिक सरकारं जमिनीचे वापरहक्क विकून श्रीमंत झाली, त्याच सवयीने पुढे अडकलीही (प्रश्न १३ पाहा).

अमेरिकेत शेत खासगी, आणि सरासरी साडेचारशे एकरांच्या वर. चीनमधलं सरासरी शेत एका हेक्टरहून लहान, म्हणजे आपल्या अल्पभूधारकासारखं.

५. दोन्हीकडे राष्ट्राध्यक्ष कोण निवडतं?

अमेरिकेत मतदार राज्याराज्यांतून निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, निवडतात. एकूण ५३८ निर्वाचक, जिंकायला २७० लागतात. त्यामुळे देशभरात जास्त मतं मिळूनही उमेदवार हरू शकतो. २००० आणि २०१६ साली तसं झालं. मुदत चार वर्षं, आणि १९५१च्या बाविसाव्या दुरुस्तीनंतर दोनदाच निवडून येता येतं.

चीनमध्ये राष्ट्रीय लोक काँग्रेस ही सुमारे तीन हजार सदस्यांची सभा दर मार्चमध्ये भरते आणि दर पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष निवडते. पण खरा निर्णय त्याआधी पक्षात झालेला असतो. सत्तेचं पद पक्षाच्या सरचिटणीसाचं, आणि त्याच्यासोबत पॉलिटब्यूरो या पक्षाच्या वरिष्ठ मंडळाच्या स्थायी समितीत आज सात जण आहेत. शी चिनफिंग २०१२च्या नोव्हेंबरपासून सरचिटणीस आहेत. राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची अट २०१८ मध्ये काढली गेली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी मुदत सुरू झाली. सरचिटणीसपदाला मुदतीची लेखी अट मुळातच नव्हती. मुलं इथे हमखास चुकतात.

६. चीनमध्ये मतदान होतच नाही असं म्हणायचं का?

असं लिहू नका. गावसमितीसाठी, तसंच तालुका पातळीपर्यंतच्या लोक काँग्रेससाठी थेट मतदान होतं. त्यावरच्या सगळ्या पातळ्यांवर खालच्या सभेने वरची निवडायची. कम्युनिस्ट पक्षाशिवाय आणखी आठ पक्ष कायदेशीर आहेत, मात्र कम्युनिस्ट पक्षाचं नेतृत्व मान्य करूनच. विरोधी पक्ष म्हणावं असं त्यांत काही नाही.

राज्यघटनेचंही तसंच. १९८२च्या चिनी घटनेच्या ३५व्या कलमात भाषण, वृत्तपत्र, सभा, मोर्चा यांचं स्वातंत्र्य लिहिलेलं आहे. पण त्या कलमाच्या आधारे सरकारचा निर्णय रद्द करू शकेल असं स्वतंत्र न्यायालय नाही. अमेरिकेतले नऊ सर्वोच्च न्यायाधीश तहहयात असतात, त्यामुळे नेमणाऱ्याच्याच विरोधात निकाल देऊ शकतात आणि देतातही. सैन्य कुणाचं, हा फरकही लक्षात ठेवा: अमेरिकी सैनिक राज्यघटनेची शपथ घेतो, चिनी सैन्य पक्षाच्या नेतृत्वाखाली आहे.

७. अमेरिकेचं सरकार ‘बंद’ पडतं म्हणजे नेमकं काय?

१ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. तोवर संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही तर अनेक खात्यांकडे कायदेशीर पैसाच उरत नाही. कर्मचारी घरी बसतात किंवा बिनपगारी काम करतात. २०२५ मध्ये हे ४३ दिवस चाललं, तोवरचं सर्वांत लांब. सैन्य, विमान नियंत्रण, निवृत्तिवेतन चालू राहतं. आपल्याकडे अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकार पडतं. अमेरिकेत अध्यक्ष पडत नाही, फक्त कामं अडतात.

८. चीनमध्ये निर्णय पटापट होतात. आपल्यालाही तसंच सरकार हवं, नाही का?

हा प्रश्न मला दर वर्गात येतो, आणि विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. उड्डाणपुलाखालच्या धुळीत वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याला तो पडणारच. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

वेग खरा आहे. चीनने २००८ मध्ये बीजिंग-तियानजिन अतिजलद रेल्वे सुरू केली आणि २०२४ संपेपर्यंत हे जाळं सुमारे ४८ हजार किलोमीटरवर नेलं. त्याच २००८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी लॉस एंजेलिस-सॅन फ्रान्सिस्को अतिजलद रेल्वेला कौल दिला. भूसंपादन, पर्यावरणाचे खटले, निधीची ओढाताण यांत ती गाडी आजही धावलेली नाही. चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी चिनी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, हे जागतिक बँकेचं मोजमाप आहे, आणि तो माणसाच्या इतिहासातला मोठा पराक्रम आहे.

आता दुसरी बाजू. योग्य निर्णय जितक्या वेगाने खाली जातो, तितक्याच वेगाने चुकीचाही जातो, आणि वाटेत ‘थांबा’ म्हणणारं कुणी नसतं. १९५८ नंतरच्या ‘मोठी झेप’ या उत्पादन वाढवण्याच्या मोहिमेत अधिकाऱ्यांनी खोटी उत्पादनं कळवली, त्या आकड्यांवर धान्य उचललं गेलं आणि दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. एक मूल धोरण १९८०च्या सुमारास आलं. जन्मदर खूप आधी खाली आलेला असूनही ते २०१५च्या अखेरपर्यंत टिकलं. आज लोकसंख्या घटते आहे आणि तीन मुलांची परवानगी असूनही पाळणे रिकामे आहेत.

कोविडचं उदाहरण ताजं आहे. २०२२ मध्ये शांघायसारखं शहर दोन महिने घरात कोंडलं गेलं. नोव्हेंबरमध्ये उरुमची शहरात टाळेबंदीतल्या एका इमारतीला आग लागून दहा जण गेले, आणि शहराशहरांत तरुण हातात कोरे पांढरे कागद धरून उभे राहिले. त्या कागदांवर एक शब्दही नव्हता, तरी पोलिसांनी त्यांतल्या काहींना नेलं. डिसेंबरमध्ये धोरण एकदम उठवलं गेलं, तेही पुरेशी तयारी न करता.

अमेरिका चुकत नाही असं अजिबात नाही. गुलामगिरी संपवायला तिला चार वर्षांचं यादवी युद्ध लागलं आणि कृष्णवर्णीयांना मतदानाचा खरा हक्क १९६५ साली मिळाला. पण चूक उलटवायची उघड वाट तिथे आहे. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली, बेकायदा धंदा फोफावला, लोकमत फिरलं आणि १९३३ मध्ये दुसरी घटनादुरुस्ती करून ती काढली. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली, तेव्हा बाजूने आणि विरोधात दोन्हीकडचे लोक उघडपणे भांडले. ते भांडण कितीही वैतागवाणं वाटलं तरी मला ते हवं आहे. सरकार किती वेगाने चालतं यापेक्षा, चुकल्यावर ते कोण आणि किती लवकर थांबवू शकतं, या कसोटीवर मी दोन्ही देश तोलतो.

९. भांडण अमेरिका-चीनचं, मग कळमना बाजारात आमच्या सोयाबीनचा भाव का पडतो?

चीन वर्षाला सुमारे १० कोटी टन सोयाबीन आयात करतो, म्हणजे जगात विकल्या जाणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून बरंच जास्त. त्यातून तेल निघतं आणि पेंड डुकरांना जाते; जगातली जवळपास अर्धी डुकरं चीनमध्ये आहेत. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. एप्रिल २०२५ मध्ये दोघांनी एकमेकांवरची शुल्कं १४५ आणि १२५ टक्क्यांवर नेली, मेमध्ये उतरवली, तरी चिनी खरेदीदार कित्येक महिने अमेरिकी मालाकडे फिरकले नाहीत.

चीनने हात आखडला की शिकागोच्या वायदेबाजारात भाव पडतो आणि अमेरिकी, अर्जेंटिनी पेंड जगात स्वस्त मिळू लागते. आपली पेंड त्यापुढे महाग ठरते, निर्यात अडते, प्रक्रिया कारखाना सोयाबीनला कमी भाव देतो, आणि तो कमी भाव अडत्यामार्फत लिलावात तुमच्यापर्यंत येतो. तुम्ही ना अमेरिकेला विकता, ना चीनला. भाव मात्र तिथूनच ठरतो.

पण सगळा दोष त्या दोघांवर टाकू नका. आपलं उत्पादन हेक्टरी साधारण एक टन, अमेरिका-ब्राझीलचं तीन टनांच्या वर. खाद्यतेलाची आयात हे एक ओझं, आणि मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात पेंडीची जागा घेतो हे दुसरं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. खरेदी केंद्र वेळेत सुरू होतं का, ओलाव्याच्या नावाखाली माल परत जातो का, हे आपल्याच सरकारला विचारायचे प्रश्न आहेत. अमेरिकी शेतकऱ्याला २०१८च्या फटक्यानंतर सरकारने थेट अब्जावधी डॉलरची भरपाई दिली होती, हेही विचारताना सांगा.

१०. कापसाचंही तसंच आहे का?

बरंचसं. फरक एवढाच की चीन स्वतःही मोठा कापूस उत्पादक आहे आणि त्याचा बहुतेक कापूस पश्चिमेकडच्या शिंजियांग प्रदेशातून येतो. तिथल्या उइगुर लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं जातं या कारणावरून अमेरिकेने जून २०२२ पासून तिथल्या मालावर कडक बंदी लागू केली. त्यामुळे कापड निर्यातदारांना सूत कुठून आलं याचा पुरावा द्यावा लागतो.

अमेरिकी राजकारणाने आपल्या कापसाचं नशीब फिरवण्याची ही पहिली वेळ नाही. १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. यादवी संपल्यावर भाव कोसळले तेव्हा कर्जात बुडाले ते शेतकरीच.

११. सामान्य माणूस कुठे जास्त सुखात आहे?

कोणता सामान्य माणूस, यावर आहे. चीनमध्ये ‘हुकोऊ’ नावाची घरनोंदणी असते. समजा गोंदियाहून हिंगण्याच्या एमआयडीसीत आलेल्या कामगाराला वीस वर्षं राहूनही मुलाला नागपूरच्या सरकारी शाळेत सहज घालता आलं नाही, दवाखान्याची सवलत गोंदियातच मिळाली, तर कसं वाटेल? चीनमधले सुमारे ३० कोटी स्थलांतरित कामगार कमी-अधिक प्रमाणात हे सोसतात. छोट्या शहरांत नियम सैल झालेत, बीजिंग-शांघायमध्ये अजून कडक आहेत. कित्येकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढतात.

अमेरिकेत कुठेही जाऊन राहता येतं, बोलता येतं, सरकारवर खटला भरता येतो. पण आजारपणाने माणूस कर्जात जातो. देश उत्पन्नाचा १७ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्यावर घालवतो आणि तरी सरासरी आयुर्मान ७८च्या आसपास, म्हणजे कितीतरी गरीब असलेल्या चीनएवढंच. बंदुकीची भीती आणि वंशभेदाची जखम आहेच.

रात्री रस्त्यावर एकट्या बाईला चीनमध्ये जास्त सुरक्षित वाटतं, असं तिथे राहून आलेल्या विद्यार्थिनी सांगतात. तिथेच मोबाइलवर काय लिहायचं हे त्या दोनदा विचार करून ठरवायच्या, हेही त्याच सांगतात.

१२. मुलीला चीनमध्ये एमबीबीएसला पाठवू की मुलाला अमेरिकेत एमएसला?

दोन्हींचं गणित वेगळं. चीनची पदवी घेऊन भारतात डॉक्टरकी करायची तर इथली पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. शिक्षण इंग्रजीत असलं तरी वॉर्डातला रुग्ण चिनी बोलतो, हे आधी समजून घ्या. अमेरिकेत तांत्रिक शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, पुढे एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि सप्टेंबर २०२५च्या घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. हे नियम भराभर बदलतात. घर तारण ठेवून कर्ज काढण्याआधी त्या आठवड्याचा नियम तपासा.

१३. अमेरिकेवर एवढं कर्ज आहे. आधी कोण बुडेल?

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कर्ज २०२४ अखेर ३६ लाख कोटी डॉलरवर गेलं, आणि व्याजाचा खर्च संरक्षणापेक्षा जास्त झाला. पण ते कर्ज डॉलरमध्येच आहे आणि जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत निम्म्याहून जास्त डॉलरच आहेत. युआनचा वाटा दोन-तीन टक्के, कारण चीन पैसा मोकळेपणाने देशाबाहेर जाऊ देत नाही. सामान्य चिनी माणसाला वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंतच परकीय चलन घेता येतं.

चीनचं दुखणं खालच्या पातळीवर आहे. राज्यव्यवस्था एकछत्री असली तरी सरकारी खर्चातला सुमारे ८५ टक्के खर्च स्थानिक सरकारं करतात. पैसा जमिनीच्या विक्रीतून यायचा (प्रश्न ४). २०२१ मध्ये एव्हरग्रांडसारख्या बांधकाम कंपन्या कोसळल्या आणि तो झरा आटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने स्थानिक कर्जं बदलून देण्यासाठी १० लाख कोटी युआनची योजना आणली. लगेच बुडेल असं मला दोघांपैकी कुणाबद्दलही वाटत नाही.

१४. चीनचे आकडे खरे मानायचे का?

दिशेसाठी माना, दशांशासाठी नको. २०२३च्या उन्हाळ्यात शहरी तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि सरकारने तो आकडा देणंच थांबवलं. पुढच्या जानेवारीत विद्यार्थी वगळून नव्या पद्धतीने तो परत आला. म्हणून जाणकार वीजवापर, मालवाहतूक, इतर देशांच्या आयातीच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहतात.

अमेरिकी आकडे जास्त विश्वासार्ह, कारण ते तपासणारे अनेक स्वतंत्र लोक आहेत. पण ऑगस्ट २०२५ मध्ये रोजगाराचे आकडे कमजोर आले म्हणून अध्यक्ष ट्रम्प यांनी आकडेवारी खात्याच्या प्रमुखांनाच काढून टाकलं. विश्वास कमवायला शतक लागतं आणि घालवायला एक दुपार पुरते; दोन्ही राजधान्यांवर लक्ष ठेवलेलं बरं.

१५. तुलनेत हाँगकाँग आणि तैवान चीनमध्ये धरायचे का?

चीनच्या नेहमीच्या आकड्यांत यांपैकी कुणीच नसतं. हाँगकाँग १९९७ पासून चीनचा भाग आहे, पण त्याचं चलन, जकात आणि जागतिक व्यापार संघटनेतलं सदस्यत्व वेगळं, म्हणून हिशेबही वेगळा. राजकीय मोकळीक मात्र २०२०च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर फार उरलेली नाही. तैवानचं सरकार, सैन्य, निवडणुका स्वतंत्र आहेत. चीन त्याला आपला प्रांत म्हणतो. अमेरिकेने १९७९ मध्ये मान्यता बीजिंगला दिली, पण तैवानला शस्त्रं विकणं चालू ठेवलं. भारताचीही तैपेईत वकिलात नाही, १९९५ पासून एक कार्यालय आहे.

अमेरिकेकडेही असाच एक अपवाद आहे आणि तो पुस्तकात सहसा सापडत नाही. प्वेर्तो रिकोतले सुमारे ३२ लाख लोक जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. पण तिथे राहत असेपर्यंत त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, आणि अमेरिकेच्या सकल उत्पादनात त्या बेटाचं उत्पादन धरलं जात नाही.